फिरकीचा तांब्या घेऊन ग्लॉस्टरला

इंग्लंडहून परत आलो तेव्हा कराडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात सगळ्यांनी लकडा लावला होता, की प्रवासवर्णन लिहा. मी दर वेळी काहीतरी कारण सांगून टाळत आलो. चष्म्याचा नंबर बदललाय, फोटो मुलीकडेच राहिलेत, जरा थंडी संपू दे. खरं कारण असं की मी माझ्या थोरल्या भावाला सांगायला एक वाक्य सोबत नेलं होतं आणि ते तसंच परत घेऊन आलो. ते वगळून बाकीचं लिहायचं म्हणजे पोचा आलेलं भांडं चिंच लावून चकचकीत करायचं आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. आयुष्यभर भांड्यांचं दुकान चालवलं, एवढं मला कळतं.

२००६ सालच्या मे महिन्यात मी निघालो. मुलगी मेघना बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होती. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, चाळीसेक वर्षांपासून ब्रिस्टलला. विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि फोरमन होऊन निवृत्त झाला. वहिनी जाऊन काही वर्षं झाली होती. मी येतोय म्हटल्यावर फोनवर त्याने एकच वस्तू मागितली.

"आप्पांचा फिरकीचा तांब्या असेल ना अजून? तो आण. दुसरं काही आणू नकोस, इथे सगळं मिळतं."

फिरकीचा तांब्या आताच्या मुलांना माहीत नसतो. प्रवासात पाणी न्यायला असायचा. त्याच्या तोंडाला आटे पाडलेले असतात आणि झाकण फिरवून घट्ट बसवायचं. ते झाकण म्हणजे फिरकी. आप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, तांब्याचं अंग तांब्याचं आणि फिरकी पितळेची. शेवटच्या आजारात तो त्यांच्या उशाशी असायचा.

हीथ्रोला उतरल्यावर कस्टमच्या एका उंच अधिकाऱ्याने माझी बॅग उघडायला लावली. तांब्या हातात घेऊन हलवून पाहिला. फिरकी उघडायला गेला तर ती हलेना.

"आत काय आहे?"

"काही नाही. एम्प्टी."

"मग बंद का केलाय?"

मी तांब्या छातीशी धरला, तळव्याने फिरकी दाबली आणि फिरवली. त्याने आत डोकावून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाला, "माझ्या बायकोला आवडेल हे." मी घाईने फिरकी परत बसवली. आटे दोनदा चुकले. त्याला वाटलं असेल, म्हातारा आहे.

बेसिंगस्टोक हे गाव गोल चौकांचं आहे. प्रत्येक रस्ता एका राउंडअबाउटला (मध्ये गवताची टेकडी असलेला गोल चौक) जाऊन मिळतो आणि तिथून तसाच दुसरा रस्ता निघतो. मेघना ऑफिसला गेली की मला घरात बसवत नसे. मी बाहेर पडायचो आणि काचेच्या ऑफिसांमधून फिरत कुठल्यातरी तिसऱ्याच चौकात निघायचो. एकदा एका पोस्टमनने मला घरापर्यंत आणून सोडलं. मेघना म्हणाली, "बाबा, तुम्ही इतके अस्वस्थ का आहात? ब्रिस्टलला जायचंय ना? मग फोन करून दिवस ठरवा."

मी म्हटलं, "करतो." आणि केला नाही.

रविवारी ती मला न्यू फॉरेस्टला घेऊन गेली. नावाला जंगल, पण अर्धं माळरानच. मोकळे घोडे रस्त्यात उभे राहतात आणि गाड्या मुकाट थांबतात. एके ठिकाणी झाडांमध्ये लोखंडी आवरणातला एक दगड होता. पाटी वाचून मेघना म्हणाली, "इथे शिकारीत बाण लागून कुठलातरी राजा मेला म्हणे." मी हो म्हटलं. मग आम्ही आइस्क्रीम खाल्लं. त्या राजाशी माझा काही संबंध येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

शेवटी मेघनानेच दादाला फोन केला आणि मला गाडीत बसवून दिलं. रीडिंगला गाडी बदलायची, मग सरळ ब्रिस्टल. बाहेर मोहरीची पिवळीधमक शेतं होती, पण माझं लक्ष मांडीवरच्या पिशवीतल्या तांब्याकडे होतं. त्या तांब्याची गोष्ट इथेच सांगून टाकतो.

आमच्या दुकानात आप्पांची गादी होती. पांढरी खोळ, मागे लोड, शेजारी तराजू. थोरल्याने गादीवर बसायचं हे न बोलता ठरलेलं होतं. पण दादाचा पाय घरात ठरत नसे. डिप्लोमा करून तो बोटीवर फिटर झाला आणि वर्षा-दीड वर्षाने घरी यायचा. आप्पा त्याला 'फिरंगी' म्हणत. आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ सरळ होता, फिरतो तो फिरंगी. चेष्टेने म्हणत, पण म्हणताना त्यांचा चेहरा उजळायचा. माझं नाव घेताना तसा उजळत नसे. दुकान मात्र मी झाडत होतो, उधारीसाठी मीच हिंडत होतो.

आप्पांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. दादा समुद्रावर होता. शेवटच्या दिवशी दुपारी नानाकाका आणि पेठेतले दोन व्यापारी खाटेभोवती बसले होते. मी आप्पांच्या तोंडाशी होतो. अचानक आप्पा बोलले. शब्द जडच होते, पण मला स्वच्छ कळले. "फिरंग्याला बसवा."

नानाकाकांना कमी ऐकू यायचं. ते म्हणाले, "काय रे? काय म्हणतोय?"

मी उशाशी पाहिलं. तांब्या उघडा होता. मी म्हणालो, "फिरकी बसवा म्हणतायत. तांब्याची."

नानाकाकांनी उठून फिरकी बसवली. व्यापारी भरल्या डोळ्यांनी हसले. एक जण म्हणाला, "जातानासुद्धा माणसाचं लक्ष मालावर." ती गोष्ट पेठेत झाली, नात्यात झाली, लग्नकार्यात सांगितली जाऊ लागली. दादा तेराव्याच्या आदल्या दिवशी पोचला. बोट कायमची सोडून, ट्रंक घेऊन आला होता. त्यालाही नानाकाकांनी तीच गोष्ट सांगितली. तो हसला. मग मागच्या दारी जाऊन बराच वेळ बसला. ट्रंक न उघडताच पुन्हा गेला आणि पुढे इंग्लंडला स्थायिक झाला. गादीवर मी बसलो.

एवढं आठवून होईपर्यंत गाडी थांबली आणि बाहेर 'ब्रिस्टल' दिसलं म्हणून मी उतरलो. ब्रिस्टलला दोन स्टेशनं आहेत हे मला माहीत नव्हतं. मी पार्कवे नावाच्या, गावाबाहेरच्या स्टेशनवर होतो आणि दादा गावातल्या टेंपल मीड्सवर. गाडी निघून गेली. लाज वाटते सांगायला, पण मला हायसं वाटलं. बाकावर बसलो तो उठलोच नाही. शेवटी एका बाईने विचारपूस करून तिच्या मोबाइलवरून दादाला फोन लावून दिला.

दादा आला तो ओरडतच. "बाळू, अरे बोटीवर मी होतो आणि हरवतोस तू?" उंची होती तशीच, पाठ मात्र वाकलेली. मला मिठी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "तांब्या आणलास?"

घरी त्याची मुलगी अनिता आली होती. तिचा जन्म तिथलाच, ब्रिस्टलच्या शाळेत ती इतिहास शिकवते. तिचं मराठी ऐकायला गोड वाटतं. "काका, तुमची चहा गार झाली. बाबा तर कपात साखर टाकते आणि ढवळतच नाही."

"साखर टाकते," दादा म्हणाला. "बघ, मला बाई करून टाकलंय हिने."

दादाने स्वतः पिठलं आणि भाकरी केली. ज्वारीचं पीठ लंडनच्या ईलिंगहून कुणीतरी आणलेलं. भाकरी जरा जाड झाली होती, पण पिठल्याची चव थेट आईच्या हाताची. तांब्या मध्ये ठेवून आम्ही जेवलो. मी ठरवलं, सकाळी सांगायचं.

सकाळी दादा मला त्याच्या अलॉटमेंटवर (कौन्सिलने भाजी लावायला भाड्याने दिलेला जमिनीचा तुकडा) घेऊन गेला. मेथी, कोथिंबीर, कांदे, वेलांना काठ्या. शेजारच्या तुकड्यातली पिकल्या केसांची बाई दादाला म्हणाली, "ऑलराइट, माय लव्हर?"

मी दादाकडे पाहिलं. तो म्हणाला, "असं बघू नकोस. इथे बसचा ड्रायव्हरपण असंच म्हणतो."

मी तण काढायला बसलो. हात कामात असले की बोलायला सोपं जातं. मी तोंड उघडणार एवढ्यात दादाच बोलायला लागला.

"तुला एक सांगू का, बाळू. मला दुकान नको होतं. तुझंच होतं ते, तू राबलास. मी ट्रंक घेऊन आलो होतो ते नुसतं घरी राहायला. आप्पांच्या तोंडी माझं नाव एकदा आलं असतं ना, एकदाच, तर मी तुझ्या हाताखालीसुद्धा बसलो असतो. पण त्यांना शेवटी तांब्या आठवला. मी नाही." तो हसला. "आता राग नाही. म्हाताऱ्या माणसाचा कसला राग. आपणही त्याच वयाचे झालो."

मी खाली बघून उपटत राहिलो.

"अरे, अरे, काय करतोस? ती मेथी आहे."

माझ्या हातात अर्धा वाफा आला होता.

दुसऱ्या दिवशी अनिताने आम्हाला गाडीत घातलं. ग्लॉस्टरला जायचं होतं. दादा दर वर्षी एकदा तिथल्या कॅथेड्रलमध्ये (मोठं, जुनं चर्च) जातो, असं ती म्हणाली.

"देवासाठी?" मी विचारलं.

"नाही काका. एका माणसासाठी. बाबाची फेवरिट आहे तो."

वाटभर तिने मला त्या माणसाची गोष्ट सांगितली. फ्रान्सच्या नॉर्मंडीतून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या राजाचा हा थोरला मुलगा, रॉबर्ट. ठेंगणा होता म्हणून बापानेच त्याला 'कर्टहोज', म्हणजे आखूड मोजेवाला, असं नाव पाडलं होतं. बापलेकांचं पटेना. राजा वारला तेव्हा थोरल्याला नॉर्मंडी मिळाली आणि इंग्लंडचं राज्य मधल्याला.

"मधली भाऊ न्यू फॉरेस्टमध्ये हंटिंग करताना बाण लागून मेला," अनिता म्हणाली. "तेव्हा रॉबर्ट क्रूसेडला गेला होता, जेरुसलेमच्या युद्धाला. परत येत होता, ऑलमोस्ट पोचला होता. पण धाकटा भाऊ तिथेच होता ना, जंगलातच. तो घोड्यावर बसून सरळ विंचेस्टरला गेला, खजिना घेतला आणि राजा झाला."

मला तो दगड आठवला. आइस्क्रीमही आठवलं. मी खिडकीची काच खाली केली, मग वर केली.

"पुढे?"

"पुढे लढाई झाली. धाकट्याने त्याला पकडलं आणि मरेपर्यंत कैदेत ठेवलं. डिव्हायझेसला, ब्रिस्टलला, मग कार्डिफला. ऐंशीच्या वर होता मेला तेव्हा."

"म्हणतात तुरुंगात तो तिथली वेल्श भाषा शिकला," दादा पुढच्या सीटवरून म्हणाला. "काय करणार. मीपण शिकलोच की."

"आणि काका, फनी गोष्ट. तिकडे ईस्टमध्ये ह्या लोकांना 'फ्रँक' म्हणायचे. त्याचंच झालं फिरंगी. तुमची वर्ड."

"म्हणजे फिरतो तो फिरंगी नाही?" मी विचारलं.

"नो कनेक्शन, काका."

दादा खदखदून हसला. "बघ, आप्पांनी चुकून बरोबर नाव ठेवलं. हा पहिला फिरंगी आणि मी दुसरा."

ग्लॉस्टरचं कॅथेड्रल आत शिरल्यावर मान दुखेपर्यंत वर बघावं असं आहे. गुळगुळीत गोल खांब असे जाड की आमच्या पेठेतलं एकेक दुकान त्यात मावेल. खिडक्यांतून निळा-तांबडा उजेड फरशीवर पडला होता. दादा इकडेतिकडे न बघता, स्वतःच्या घरात चालावं तसा आत गेला आणि थांबला.

एका उंच पेटीवर रॉबर्ट उताणा झोपला होता. पुतळा लाकडाचा, रंगवलेला. अंगात कडीदार चिलखत, त्यावर तांबडा अंगरखा, पायावर पाय. हात तलवारीच्या मुठीवर, अर्धवट उपसल्यासारखा. झोपलेल्या माणसाला मध्येच कुणीतरी हाक मारली आहे आणि तो उठतोय, असं वाटलं. मला त्याच्यासमोर नीट उभं राहता येईना. मी पेटीभोवती फिरायला लागलो.

गळ्यात ओळखपत्र घातलेली एक वयस्कर वॉलंटिअर बाई आमच्याकडे आली. दादाला ती ओळखत होती. "आज कुणाला घेऊन आलात?"

"हा माझा धाकटा भाऊ," दादा इंग्रजीत म्हणाला. "राज्य याच्याकडे आहे. सांभाळून बोला."

ती हसली. मग दादाने तिला तांब्याची गोष्ट सांगितली. इतकी रंगवून, की ती त्याने किती वेळा किती जणांना सांगितली असेल ते मला कळलं. वडील मरणाच्या दारात, सगळे कान टवकारून बसलेले, आता कुणाचं नाव घेणार, आणि वडील म्हणतात, पितळी तांब्याचं झाकण लावा. अनिता तर गोष्ट संपायच्या आधीच हसत होती.

"दादा," मी म्हणालो. "ते तसं नव्हतं."

आवाज त्या दगडी जागेत मोठा झाला. तिघंही माझ्याकडे बघायला लागली.

"काय तसं नव्हतं?" दादाने विचारलं. चेहऱ्यावर हसू अजून होतं, पण डोळे थांबले होते. मला आजही वाटतं, तो वाट बघत होता.

"अख्खा पितळेचा नव्हता," मी म्हणालो. "अंग तांब्याचं. फिरकी तेवढी पितळेची."

दादाने एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग त्या बाईकडे वळून म्हणाला, "हा अजून दुकानातच बसलाय."

तिला माझी कीव आली असावी, कारण तिने विषय बदलला. म्हणाली, त्या धाकट्या भावाने, राजाने, थोरला गेल्यावर इथल्या मठाला जमीन दिली. तिच्या उत्पन्नातून मुख्य वेदीपुढे भावाच्या आत्म्यासाठी कायम दिवा तेवत ठेवायचा.

"नंदादीप," मी दादाला म्हणालो. मग माझ्या मोडक्या इंग्रजीत तिला विचारलं, "ही सेड सॉरी?"

ती थोडी गोंधळली. "दिव्याची नोंद आहे. सॉरीची मी तरी वाचलेली नाही."

"आणि दिवा? आता कुठे आहे?"

"ओ, माय डिअर. तो केव्हाच विझला."

बाहेर हिरवळीवर आम्ही स्कोन (लोणी-साय लावून खायचा जाडसर पाव) आणि चहा घेतला. मी स्कोनचा चुरा करत बसलो. अनिता म्हणाली, "नुसता दिवा काय उपयोगाची? जिवंत होता तेव्हा भेटायला जायचं ना."

"आमचा आला की," दादा म्हणाला आणि माझ्या बशीत स्वतःची साय वाढली. "विमानाने आला."

ब्रिस्टलहून निघायच्या दिवशी दादा टेंपल मीड्सला सोडायला आला. त्या स्टेशनचं छप्पर उंच, कमानींचं आहे आणि तिथे पारव्यांचा फडफडाट चालू असतो. गाडीला वेळ होता. आम्ही फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिलो.

"बाळू, काही सांगायचंय का तुला?" त्याने विचारलं. "आल्यापासून घशात काटा अडकल्यासारखा वागतोयस."

"सर्दी झालीय."

"औषध घे मग." तो थांबला. "आप्पांचा तांब्या आणलास, बरं वाटलं. त्यांच्याकडून काहीतरी आलं."

गाडी आली. मी चढलो. काचेच्या आतून मी तोंड हलवलं, शब्दसुद्धा म्हणालो. दादाने कानामागे हात धरून मान हलवली, ऐकू येत नाही. मग त्याने हात केला. मीही हात केला.

परत आल्यावर मी रोज ठरवायचो, रविवारी फोनवर सांगू. रविवारी तो मेथीचं सांगायचा, मी पावसाचं. पुढच्या हिवाळ्यात फोन वाजला तेव्हा पलीकडे अनिता होती. "काका, बाबा गेला." झोपेतच गेला म्हणाली. मग ती म्हणाली, "काका, तांब्या मी ठेवलीय. बाबा रोज त्यातूनच पाणी प्यायचा. पण आता त्याची फिरकी अडकलीय. निघतच नाही. काय करू?"

दुकानदाराला उत्तर माहीत असतं. मी म्हणालो, "वरून गरम पाणी ओत. मग छातीशी धर, तळव्याने दाब आणि फिरव."

"ओके," ती म्हणाली. रडता रडता जरा हसली. "आजोबांची जोक आठवली."

तेव्हाही मी काही बोललो नाही. अनिताला मराठी वाचता येत नाही. मेघनाला मी हे पाठवतो आहे, तिने तिला वाचून दाखवावं. पण लिहिलंय ते दादासाठी.

दादा, आप्पा फिरकी म्हणाले नव्हते. 'फिरंग्याला बसवा' म्हणाले होते. नानाकाकांनी फिरकी बसवली तेव्हा आप्पांनी मान हलवली, माझं मनगट धरलं आणि पुन्हा तेच म्हणाले, अगदी हळू. त्या वेळी ते फक्त मी ऐकलं. त्यांना तूच आठवला होतास, दादा. चुकलो रे मी. मला माफ कर.